गाठीची बायोप्सी सांगितली आहे? जाण्याआधी एवढं वाचा

मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ लागते. फॅमिली डॉक्टर पाच-सात दिवसांच्या गोळ्या देतात, गाठ हलत नाही, मग सोनोग्राफी होते. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते: 'यूएसजी गायडेड एफएनएसी किंवा बायोप्सी करावी.' त्यानंतर घरोघरी सुरू होणारे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. सुई लावली तर गाठ पसरणार नाही ना? भूल देतात का? दाखल व्हावं लागेल का? एफएनएसी आणि बायोप्सी एकच की वेगळं? हडपसरमध्येच करायची की पुण्याच्या ससूनला जायचं? आणि मोठ्याने कुणी विचारत नाही तो प्रश्न: म्हणजे कॅन्सर आहे का?

या प्रश्नांची उत्तरं इथे क्रमाने दिली आहेत. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. सुईचा त्रास काही मिनिटांचा असतो. फेऱ्या, खर्च आणि मनस्ताप वाढतो तो बहुतेक वेळा नमुना अपुरा निघाल्याने किंवा भलत्याच बाटलीत गेल्याने. ते टाळणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर ठरला, असं नाही

लसिकाग्रंथी शरीरभर असतात आणि जंतुसंसर्ग झाला की सुजतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, दाढ दुखली की जबड्याखाली गाठ लागते. जखम बरी झाली की यातल्या बहुतेक गाठी बसतात. न बसणाऱ्या गाठीचं कारण शोधावं लागतं. आपल्याकडे मानेतल्या अशा गाठींमागे क्षयरोग हे मोठं कारण आहे. फुप्फुसाबाहेर होणाऱ्या क्षयरोगात लसिकाग्रंथींचा क्षयरोग सर्वाधिक दिसतो. याशिवाय लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचाच कॅन्सर असू शकतो, किंवा तोंड, थायरॉइड, स्तन अशा ठिकाणचा कॅन्सर ग्रंथीपर्यंत पोचलेला असू शकतो. काही वेळा निव्वळ लांबलेली सूजही असते.

पुढील गोष्टी असतील तर डॉक्टर वाट पाहत बसत नाहीत, तुम्हीही बसू नका:

- गाठ चार आठवड्यांनंतरही कायम आहे किंवा वाढते आहे.
- गाठ कडक आहे आणि बोटांखाली सरकत नाही.
- गाठ गळपट्टीच्या हाडाच्या वर, मानेच्या मुळाशी आहे.
- सोबत संध्याकाळचा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम किंवा कारण नसताना वजन घटणं आहे.
- तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय आहे आणि तोंडात न भरणारी जखम आहे.

लहान मुलांच्या मानेत हाताला लागणाऱ्या छोट्या, मऊ, सरकणाऱ्या गाठी मात्र बऱ्याचदा साध्या असतात. तिथे सुईची घाई नसते, बालरोगतज्ज्ञांची नजर पुरते.

अंदाजाने औषध सुरू करण्याची घाई नको

'टीबीच असेल, सहा महिन्यांचा कोर्स सुरू करून बघू,' असा सल्ला मिळाला तर नमुना घेता येईल का, हे आधी विचारा. क्षयरोग नसून लिम्फोमा निघाला तर मधले महिने वाया जातात. क्षयरोगच निघाला, पण औषधाला न जुमानणाऱ्या प्रकारचा असला, तरी तेच होतं.

स्टेरॉइडच्या गोळ्यांचंही तसंच आहे. सूज उतरावी म्हणून त्या घेतल्या तर लिम्फोमाची गाठ तात्पुरती लहान होते आणि बायोप्सीत निदान हुकू शकतं. तुम्ही दमा, सांधेदुखी किंवा त्वचारोगासाठी स्टेरॉइड घेत असाल तर ते नाव आणि डोस सांगा. ते मनाने बंदही करू नका.

तुमची तपासणी यांपैकी कोणती?

चिठ्ठीवर नुसतं 'बायोप्सी' लिहिलेलं असेल तर नेमकी कोणती, ते विचारून घ्या. तयारी, वेळ आणि खर्च सगळं त्यावर ठरतं.

- एफएनएसी: इंजेक्शनच्या सुईसारख्या बारीक सुईने फक्त पेशी ओढून घेतात. काम काही मिनिटांत होतं, बहुधा जागा बधिर करावी लागत नाही. क्षयरोग किंवा दुसरीकडून आलेल्या कॅन्सरची शंका असेल तर सुरुवात इथून होते. लिम्फोमाचा प्रकार मात्र यावरून सहसा ठरत नाही.
- कोअर बायोप्सी, म्हणजे ट्रूकट: जराशी जाड सुई स्प्रिंगच्या गनमधून जाते आणि गाठीचा बारीक सलग तुकडा कापून आणते. जागा बधिर करून करतात. ग्रंथीची रचना दिसत असल्याने निदान जास्त पक्कं होतं.
- सीटी गायडेड बायोप्सी: पोटाच्या मागच्या बाजूला किंवा छातीत खोलवर असलेल्या, सोनोग्राफीत नीट न दिसणाऱ्या गाठींसाठी. काही तासांची देखरेख लागते.
- ईबस: छातीच्या मध्यभागी श्वासनलिकेलगतच्या गाठींसाठी. तोंडावाटे दुर्बीण घालून, तिच्या टोकाच्या सोनोग्राफीत बघत सुई घालतात. गुंगीचं औषध देतात.
- एक्सिजन बायोप्सी: छोटी शस्त्रक्रिया करून अख्खी गाठ काढतात. लिम्फोमाची दाट शंका असेल किंवा सुईच्या नमुन्यातून उत्तर मिळत नसेल तर ही सांगतात.

सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीचा फायदा दुहेरी असतो. सुई रक्तवाहिनी चुकवून जाते आणि गाठीचा मेलेला, पाणी झालेला भाग सोडून जिवंत भागातून नमुना घेता येतो. गाठ हाताला लागत असली तरी सोनोग्राफीखाली करा असं सांगतात, ते यासाठी.

'सुई लावली की पसरतं', या भीतीचं काय?

लसिकाग्रंथीतून सुईने नमुना घेतल्यामुळे रोग पसरल्याची उदाहरणं अतिशय विरळ आहेत. वृषणातल्या गाठीसारख्या काही मोजक्या ठिकाणी डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. बायोप्सीनंतर रोग 'अचानक वाढला' असं वाटतं, तेव्हा तो बहुधा आधीपासून वाढत असतो, फक्त त्याचं नाव उशिरा कळलेलं असतं. भीतीपोटी दोन-तीन महिने काढले तर त्यात होणारं नुकसान सुईच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

खरे धोके छोटे आहेत आणि ते माहीत असावेत: काळंनिळं पडणं, थोडं रक्त येणं, क्वचित जंतुसंसर्ग. क्षयाच्या गाठीतून कधी कधी सुईच्या जागी पाणी किंवा पू झिरपत राहतो. छातीतल्या गाठीच्या बायोप्सीत फुप्फुसाभोवती हवा साठण्याची शक्यता असते, म्हणूनच तिथे देखरेख जास्त वेळ ठेवतात.

हडपसरकरांनी कुठे जावं?

मानेतली, काखेतली किंवा जांघेतली गाठ असेल तर सोनोग्राफीखालची एफएनएसी आणि कोअर बायोप्सी शहरातल्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत होते. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. तुमच्यासमोर साधारण असे पर्याय आहेत:

- महापालिका: हडपसरचं कै. अण्णासाहेब मगर रुग्णालय जवळचं. तिथे आधी दाखवून पुढची चिठ्ठी घेता येते. क्षयरोगाची शंका असेल तर महापालिकेच्या दवाखान्यातच क्षयरोग विभागाची चौकशी करा.
- ससून सर्वसाधारण रुग्णालय: बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं असल्याने रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी आणि शस्त्रक्रिया विभाग एकाच आवारात. खर्च कमी, गर्दी जास्त. केसपेपरसाठी सकाळी लवकर पोचा.
- खासगी रुग्णालयं: मगरपट्टा आणि सोलापूर रस्त्याच्या परिसरात मोठी रुग्णालयं आहेत. वेळ लवकर मिळते, दर आधी लेखी घ्यावेत.
- ईएसआयसी: औद्योगिक वसाहतीतल्या विमाधारक कामगारांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी आधी ईएसआयसीच्या दवाखान्यात दाखवावं. तिथून बिबवेवाडीच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळू शकते.

जागा ठरवताना तीन प्रश्न विचारा. बायोप्सी कोण करणार, रेडिओलॉजिस्ट की दुसरं कुणी? नमुना तपासणारी लॅब कोणती? गरज पडली तर गाठीचा प्रकार ठरवणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे आयएचसी, तिथेच होईल की नमुना बाहेर पाठवावा लागेल?

तारीख घेताना शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीची, सकाळची वेळ मागा. शनिवारी दुपारी निघालेला ताजा नमुना सोमवारपर्यंत पडून राहण्याची भीती असते. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यातून निघतात तो दिवसही टाळा. त्या दिवशी माउलींची पालखी हडपसरहून सासवडकडे आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे निघते, रस्ते बंद असतात. तुम्ही पोचलात तरी नमुना वेळेत लॅबला पोचेल याची खात्री नसते.

आधीच सांगून ठेवायच्या गोष्टी

1. रक्त पातळ करणारी औषधं: इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲसिट्रॉम, डॅबिगॅट्रान, रिवारोक्साबान, एपिक्साबान यांपैकी काही चालू असेल तर सांगा. वरवरच्या गाठीसाठी ती बऱ्याचदा थांबवावी लागत नाहीत. खोलवरच्या गाठीसाठी थांबवावी लागू शकतात. निर्णय हृदयविकारतज्ज्ञ आणि बायोप्सी करणारे डॉक्टर मिळून घेतील. स्टेंट बसवलेल्यांनी मनाने गोळी बंद केली तर जिवावर बेतू शकतं.
2. रक्तस्रावाचा इतिहास: दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं, सहज काळेनिळे डाग पडतात, यकृताचा आजार आहे, अलीकडे डेंगी होऊन गेला आहे, हे सांगा. खोलवरच्या गाठीसाठी साधारणपणे प्लेटलेट ५० हजारांच्या वर आणि रक्त गोठण्याचा आयएनआर १.५ ते १.८ च्या आत असावा लागतो.
3. ॲलर्जी: दाताच्या डॉक्टरांकडे बधिर करण्याच्या इंजेक्शनने त्रास झाला होता का? आयोडीन किंवा चिकटपट्टीची ॲलर्जी आहे का?
4. मधुमेह: उपाशी राहायचं असेल तर त्या सकाळची गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचं, ते विचारा. सीटीसाठी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देणार असतील तर मेटफॉर्मिनबद्दल आणि क्रिएटिनिनच्या तपासणीबद्दलही विचारा.
5. गरोदरपण: सोनोग्राफीखालची बायोप्सी करता येते. सीटी मात्र शक्यतो टाळतात, म्हणून पाळी चुकली असेल तर आधीच सांगा.

उपाशीपोटी जायचं का? वरवरच्या गाठीसाठी फक्त जागा बधिर करणार असतील तर हलकं खाऊन गेलेलं चांगलं. रिकाम्या पोटी चक्कर येते. सीटी, ईबस किंवा गुंगीचं औषध असेल तर साधारण सहा तास काही खायचं नसतं. तुमच्या रुग्णालयाने दिलेली सूचना पाळा.

सोबत काय न्यायचं

- सोनोग्राफी, सीटी किंवा पेट स्कॅनचे रिपोर्ट, आणि फिल्म किंवा सीडीसुद्धा. नुसत्या रिपोर्टवरून नेमकी कोणती गाठ धरायची ते ठरवता येत नाही.
- आधी एफएनएसी झाली असेल तर तिचा रिपोर्ट.
- चालू औषधांची चिठ्ठी किंवा गोळ्यांची पाकिटं.
- ओळखपत्र, रेशनकार्ड, विम्याचं कार्ड.
- एक जाणतं माणूस. परत येताना दुचाकी चालवायची नाही.

पुढून बटणं असलेला सैल शर्ट किंवा कुर्ता घाला. गळ्यातली साखळी, मंगळसूत्र घरीच काढून ठेवा. तुळशीची माळ उतरवत नसाल तर ते आधी सांगा. काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठीला तिची अडचण नसते, मानेतल्या गाठीसाठी ती बाजूला घ्यावी लागते. काखेतली गाठ असेल तर त्या दिवशी पावडर, डिओडरंट लावू नका.

त्या दिवशी प्रत्यक्ष काय होतं

1. संमतीपत्र: कोणती बाजू, कोणती गाठ, कोणत्या प्रकारची बायोप्सी, हे वाचून सही करा. कोरा भाग तसाच असेल तर भरून घ्या.
2. पुन्हा सोनोग्राफी: मानेतली गाठ असेल तर खांद्याखाली उशी देऊन मान वळवायला सांगतात. थंड जेल लावून गाठ पुन्हा बघतात. गाठ लहान झालेली दिसली तर डॉक्टर सुई न लावताच थांबायचा सल्लाही देऊ शकतात.
3. सफाई आणि बधिर करणं: तपकिरी औषधाने जागा पुसतात, हिरवं कापड पसरतात. बधिर करण्याचं इंजेक्शन दहा-पंधरा सेकंद चांगलंच झोंबतं. बहुतेकांना सगळ्यात जास्त दुखतं ते एवढंच.
4. 'खट्' आवाज: कोअर बायोप्सीची गन सुटताना स्टेपलरसारखा मोठा आवाज होतो. माणसं दचकतात ती दुखल्याने नाही, या आवाजाने. आधी एकदा हवेत ऐकवा, असं सांगा. डॉक्टर आनंदाने ऐकवतात. सुई आत असताना बोलू नका, आवंढा गिळू नका, खोकला येतोय असं वाटलं तर बोट वर करा.
5. किती वेळा: साधारण दोन ते चार तुकडे घेतात. निघालेला तुकडा पांढरट असतो, शेवईच्या मोडलेल्या तुकड्यासारखा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा तो धागा, त्यावरच पुढचं सगळं निदान उभं असतं.
6. दाब आणि विश्रांती: पाच-दहा मिनिटं जागा घट्ट दाबून धरतात आणि पट्टी लावतात. टाके पडत नाहीत. वरवरच्या गाठीसाठी अर्धा-एक तास थांबवतात, खोलवरच्या गाठीसाठी काही तास.

खोलीत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत अर्धा-पाऊण तास धरा. दाखल होण्याची गरज बहुधा पडत नाही. ईबस असेल तर घसा बधिर केलेला असतो. ती बधिरता जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन तास, पाणीसुद्धा पिऊ नका, ठसका लागू शकतो.

बाटलीकडे लक्ष ठेवा

आपल्याकडे अनेक ठिकाणी नमुन्याची बाटली नातेवाइकाच्या हातात देतात आणि 'अमुक लॅबला पोचवा' सांगतात. चूक होते ती इथेच. पॅथॉलॉजीसाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, म्हणून त्या बाटलीतून क्षयरोगाचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, होत नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या क्षयरोगाच्या जलद चाचण्यांसाठीही ताजा नमुनाच लागतो. म्हणून क्षयरोगाची शंका असेल तर एक तुकडा किंवा सुईतून निघालेला पू वेगळ्या निर्जंतुक बाटलीत, सलाइनमध्ये घ्यावा लागतो. सगळंच फॉर्मेलिनमध्ये गेलं तर पुन्हा सुई लावण्यावाचून इलाज नाही. लिम्फोमासाठी फ्लो सायटोमेट्री करायची असेल तर तिची बाटलीही वेगळी असते.

म्हणून टेबलावर झोपण्याआधी हा एक प्रश्न विचारा: 'डॉक्टर, नमुना कोणकोणत्या तपासण्यांना जाणार आहे आणि बाटल्या किती?' मग नातेवाइकांनी हे बघावं:

- प्रत्येक बाटलीवर नाव, वय, तारीख आणि गाठीची जागा, उजवी की डावी, लिहिली आहे. लेबल झाकणावर नको, बाटलीच्या अंगावर हवं. झाकणं बदलली जातात.
- फॉर्मेलिन पुरेसं आहे, तुकडा पूर्ण बुडालेला आहे.
- सोबतच्या फॉर्मवर नुसतं 'मानेतली गाठ' नाही, तर कशाची शंका आहे, आधी कोणते उपचार झाले, हेही लिहिलं आहे.
- सलाइनची बाटली त्याच दिवशी लॅबला पोचेल. उशीर होणार असेल तर ती थंड ठेवायची, पण गोठवायची नाही. कशी न्यायची ते लॅबला विचारा. फॉर्मेलिनच्या बाटलीला फ्रीज लागत नाही.
- बाटली स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवून कामं उरकायला जायचं नाही. ती उघडून हुंगायचीही नाही, वाफेने डोळे चुरचुरतात.
- लॅबमध्ये दिल्यावर नंबर पडलेली पावती घ्यायची.

घरी आल्यावर

पट्टी २४ तास कोरडी ठेवा, अंघोळ दुसऱ्या दिवशी करा. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. एक-दोन दिवस जिम, पाण्याच्या बादल्या, सिलिंडर उचलणं टाळा. जागा चोळू नका, लेप लावू नका, शेक देऊ नका. थोडं काळंनिळं आठवडाभर राहू शकतं.

यांपैकी काही झालं तर वाट पाहू नका:

- दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबूनही रक्त थांबत नाही.
- मानेत सूज भराभर वाढते, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतो.
- छातीच्या बायोप्सीनंतर दम लागतो, छातीत कळ येते किंवा थुंकीतून बरंच रक्त पडतं.
- ताप १०१ अंशांच्या वर जातो, जागा लाल होते, पू येतो.

श्वासाचा त्रास असेल तर थेट १०८ ला फोन करा.

रिपोर्ट कधी येतो आणि त्यात काय लिहिलेलं असतं

एफएनएसीचा रिपोर्ट एक ते तीन दिवसांत, बायोप्सीचा साधारण आठवडाभरात येतो. आयएचसी लागली तर आणखी काही दिवस धरा. सीबीनॅटचं उत्तर एक-दोन दिवसांत मिळतं, कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागतात. रिपोर्टला उशीर लागला म्हणजे वाईट बातमी आहे, असा अर्थ काढू नका. जादा चाचण्यांना वेळ लागतो.

- 'रिॲक्टिव्ह': ग्रंथी कशाला तरी प्रतिसाद देऊन सुजली आहे. बहुधा दिलासा. तरीही चार-सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा. गाठ वाढत असेल तर पुन्हा नमुना घ्यावा लागतो.
- 'ग्रॅन्युलोमॅटस', 'केसिएटिंग नेक्रोसिस': क्षयरोगाची दाट शक्यता. सीबीनॅट झालं का ते विचारा, कारण रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचं औषध लागू पडेल की नाही, हेही त्यात कळतं. ग्रंथीत जंतू कमी असतात, म्हणून सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी क्षयरोग नाही असं ठरत नाही.
- 'एटिपिकल', 'सस्पिशस': शंका आहे, पण नमुना कमी पडला. आयएचसी किंवा मोठा नमुना लागेल.
- 'मेटास्टॅटिक': दुसरीकडचा कॅन्सर ग्रंथीत आला आहे. मूळ जागा शोधायला त्याच आठवड्यात कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा.
- 'लिम्फोमा': प्रकार नेमका कोणता ते आयएचसीवर ठरतं आणि उपचार प्रकारावर. आयएचसीशिवाय उपचार सुरू करण्याची घाई करू नका.
- 'इनॲडिक्वेट': चांगलंही नाही, वाईटही नाही. उत्तरच मिळालेलं नाही, तपासणी पुन्हा करावी लागेल. 'काही निघालं नाही' असं समजून घरी बसू नका.

क्षयरोग ठरला तर औषधं मोफत मिळतात, खासगी डॉक्टरांचे उपचार घेणाऱ्यांनाही. निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत महिना १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. त्यासाठी तुमची नोंद निक्षय पोर्टलवर झाली आहे ना, ते विचारा. हेल्पलाइन १८००-११-६६६६. औषधं सुरू झाल्यावर मधेच गाठ वाढलेली दिसू शकते. तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असं समजून कोर्स सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

खर्च आणि योजना

'बायोप्सीचे किती?' असं विचारलं की बऱ्याचदा फक्त सुई लावण्याचा दर सांगतात. म्हणून तुकड्या-तुकड्याने विचारा: सोनोग्राफी किंवा सीटीचे किती, सुई-गनचे किती, डे-केअरच्या खाटेचे किती, पॅथॉलॉजीचे किती, सीबीनॅट-कल्चरचे किती, आयएचसी लागली तर किती.

- मेडिक्लेम: केवळ तपासणीसाठी दाखल होण्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी असलेल्या आयटीतल्या मंडळींचाही इथे भ्रमनिरास होतो. मात्र त्याच आजारासाठी पुढे दाखल व्हावं लागलं तर आधीच्या ठरावीक दिवसांतला तपासणीखर्च मागता येतो. प्रत्येक बिल आणि चिठ्ठी जपून ठेवा.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते ठरावीक उपचारांच्या यादीला. नुसती बायोप्सी बसेलच असं नाही. कॅन्सरचं निदान झालं तर मात्र पुढचे उपचार बसू शकतात. योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा.
- धर्मादाय रुग्णालयं: वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असलेल्या निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतच्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीत राखलेल्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटा.
- महापालिकेची शहरी गरीब योजना: पुणे महापालिका हद्दीतल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. रुग्णालयात जाण्याआधी पालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करा.

तुमचे हक्क

- समजेल त्या भाषेत माहिती: संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. पर्याय काय आहेत आणि तपासणी न केल्यास काय होईल, हे विचारणं हा तुमचा अधिकार आहे.
- संमती जेवढ्याची, तेवढीच: तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं. जीव वाचवण्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी.
- लॅब निवडण्याची मोकळीक: रुग्णहक्कांच्या सनदेनुसार तपासणी कुठे करायची ते तुम्ही ठरवू शकता.
- रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही: नुसत्या तंत्रज्ञाच्या सहीचा रिपोर्ट स्वीकारू नका. पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं आहे.
- कागदपत्रं: मागणी केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांसाठी नियम आहे.
- स्लाइड आणि ब्लॉक: मेणात जपलेला तुमचा नमुना, म्हणजे ब्लॉक, दुसऱ्या मतासाठी मागता येतो. परळच्या टाटा रुग्णालयात जाणार असाल तर तो आणि स्लाइड आधीच काढून घ्या. पुन्हा सुई टोचून घेण्याची वेळ टळू शकते. ब्लॉक एकच असतो, तो देता-घेताना पावती करा.
- दरफलक आणि तक्रार: २०२१ च्या राज्य नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. तक्रार आधी रुग्णालयात लेखी द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जा.

शेवटची एक विनंती

रिपोर्ट मोबाइलवर येतो, घरातलं कुणीतरी त्यातला एखादा शब्द इंटरनेटवर शोधतं. मग भीतीने किंवा भलत्या निश्चिंतीने तो फाइलमध्ये जाऊन पडतो. असं होऊ देऊ नका. बायोप्सी करून निघतानाच डॉक्टरांच्या पुढच्या भेटीची तारीख घ्या, ती चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि त्या तारखेला रिपोर्ट काहीही असो, जाऊन दाखवा. पुढचं औषध डॉक्टर ठरवतात, पण तिथवर रिपोर्ट पोचवायचं काम तुमचंच आहे.